बिछायतवाल्याचा ‘उठाव’

सिंदखेड राजा सोडून दुसरबीडच्या दिशेने निघालं की रस्त्यात आमचं गाव लागतं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकदा लाऊडस्पीकरवर आमच्या गावाचं नाव आधी घेतलं आणि शेजारच्या गावाचं नंतर, तर शेजारच्या गावाने वर्षभर माझ्या खुर्च्यांवर बसणं सोडलं. लग्नाला यायचे, पण उभ्यानेच जेवायचे. आता त्यालाच बुफे म्हणतात. म्हणजे आपल्या भागात बुफे आणला तो मी. कोणी मानत नाही, हा भाग वेगळा.

मी बशीर. ‘बशीर बिछायतवाला’ म्हटलं की देऊळगाव राजाच्या बसस्टँडवरची चहाची टपरीसुद्धा पत्ता सांगते. पुण्याकडच्या वाचकांसाठी खुलासा करतो. बिछायत केंद्र म्हणजे बारशापासून तेरवीपर्यंत माणसाला बसायला, झाकायला आणि ऐकायला जे जे लागतं, ते भाड्याने देणारं दुकान. बसायला सतरंज्या आणि खुर्च्या, झाकायला मांडव आणि बाजूच्या कनाती, ऐकायला माईक आणि भोंगे. या तिन्हीत माझा जीव भोंग्यात. आता पोरांनी भिंतीएवढे डीजे आणले आहेत, छातीत धडधड होते म्हणतात. आमचा भोंगा छातीत धडधड करत नव्हता, तो सरळ दुसऱ्या तालुक्यात जात होता. मी इथे ‘जेवायला चला’ म्हटलं की सुलतानपूरची माणसं हात धुवायची.

माईकची शिट्टी तुम्ही ऐकली असेल. नेता बोलायला उभा राहिला की कुंईऽऽ करून कानात सुई जाते, ती. ती काय असते माहीत आहे का? माईक भोंग्यासमोर आला की तो भोंग्याचंच बोलणं ऐकून परत भोंग्याला सांगतो, भोंगा तेच आणखी मोठ्याने माईकला सांगतो, आणि दोघं एकमेकांचं ऐकून ऐकून किंचाळायला लागतात. आमची शमीम, म्हणजे माझी बायको, म्हणते, ‘‘अजी, ये तो अपने घर का किस्सा है.’’ उपाय सोपा आहे. एकाचं तोंड दुसरीकडे फिरवायचं. घरात मी अंगणात जाऊन बसतो.

माझी माणसं दोन. शंकर सतरंज्या-खुर्च्यांचा, रफिक तारांचा. भोंग्याखाली उभं राहून राहून दोघांचे कान असे झाले आहेत, की शंकरच्या बायकोने ‘‘अवं माय, घरात चोर शिरला!’’ म्हणून हलवलं तेव्हा शंकर कूस बदलून म्हणाला, ‘‘हाव, दोन पोळ्या टाक.’’ पण एक शब्द मात्र त्यांना गाढ झोपेतही ऐकू येतो. त्या शब्दाची गोष्ट सांगायलाच मी बसलो आहे.

शब्द आहे, ‘उठाव’.

सुलतानपुरात एका लग्नाला वावटळ आली. मंगलाष्टकं चालू होती. मी मांडवाचा खांब धरला, आणि मांडवाने मला धरलं. दोघं वर गेलो. लोक म्हणतात मी बांधाच्या पलीकडे पडलो, लोकांचं सोडा. मांडव जो उडाला तो पुढच्या गावच्या एका लग्नावर जाऊन बसला, नीट चार कोपऱ्यांवर. तिथे मांडववाला आलाच नव्हता. नवरदेवाच्या बापाने वर पाहून हात जोडले आणि मला टोपी-उपरण्याचा आहेर केला. ती टोपी अजून घरात आहे, कोणाला शंका असेल तर दाखवतो.

पण त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. वावटळीला विचार करायला वेळ नसतो. म्हणून मी माझ्या माणसांना शिस्त लावली. ‘उठाव!’ असा शब्द कानावर पडला की हातातला चहा खाली ठेवायचा आणि जे मांडलं ते काढायचं. ‘काऊन’, म्हणजे ‘का’, म्हणून विचारायचं नाही. कोण म्हणालं ते पाहायचं नाही, कारण धुराळा पहिल्यांदा कोणाला दिसेल सांगता येत नाही. रफिकने आधी वीज तोडायची, शंकरने सतरंजी ओढायची, रोजंदारीच्या पोरांनी कनाती सोडायच्या. आणि वावटळ नसेल तेव्हाही, कार्यक्रम संपला की मी हाच शब्द देतो. सराव राहतो. सराव इतका झाला की एका साखरपुड्यात पाहुणे हात धुवून आले तर मांडव, खुर्च्या आणि चुकून नवरीचा मामा, सगळं जीपमध्ये होतं.

ही शिस्त माझी कमाई होती. ती एक दिवस माझ्याच गळ्यात पडली, आणि ज्यांच्यामुळे पडली त्या पोरांचे मी आजपर्यंत आभार मानतो आहे.

आमच्या गावात तरुणांची चार पथकं आहेत. मुलींचं लेझीम पथक, त्याची म्होरकी वैष्णवी. बारावीला होती तेव्हा, उंचीने माझ्या खांद्याला, आवाजाने माझ्या भोंग्याला. भजन-भारुडवाल्या पोरांचा म्होरक्या ज्ञाना, ढोलकी अशी वाजवतो की गाई पान्हा सोडतात. कव्वालीवाली आमच्या मोहल्ल्यातली पोरं, त्यांचा अझहर, दिवसा मोटारसायकली दुरुस्त करतो आणि रात्री सूर. आणि चौथा डान्स ग्रुप, त्याचा विक्की, जो डोक्यावर भिंगरीसारखा फिरतो. विक्कीच्या आईला वाटायचं पोराला झटके येतात, तिने दोनदा कांदा हुंगवला.

चौघांची एकच अडचण होती. सरावाला जागा नाही. भारूड देवळात चालायचं तर पुजाऱ्याची दुपारची झोप मोडायची. अझहरच्या गॅरेजमध्ये आलाप घेतला की गिऱ्हाईक विचारायचं, ‘‘इंजिनचा आवाज हाय का हा?’’ विक्की गच्चीवर उड्या मारायचा, खालच्याच्या भाजीत चुना पडायचा. पण ही सगळी हसण्यावारी नेता येण्यासारखी दुखणी. मुलींचं तसं नव्हतं. त्या उघड्या मैदानावर लेझीम खेळायच्या आणि भिंतीवर रिकामटेकडे बसून शिट्ट्या मारायचे. आधी दोन मुली घरी बसल्या, मग आणखी एक. वैष्णवी एकदा माझ्या दुकानात कनात मागायला आली.

‘‘चाचा, मैदानाले चहूकडून कनात लावून देता का?’’

‘‘किती दिवस?’’

‘‘नेहमीसाठी.’’

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘आणखी दोन पोरी बसल्या ना घरी, तं पथक संपलं चाचा. एकटी वाजवू का मी लेझीम, देवघरात घंटी वाजवल्यासारखी?’’

गावात सोसायटीचं एक जुनं गोडाऊन होतं, पंचायतीच्या ताब्यात. पक्क्या भिंती, वर पत्रे, आत उंदरांचं राज्य. एका खतविक्याने ते भाड्याने मागितलं होतं. वैष्णवीने चारही म्होरक्यांना गोळा केलं आणि गेली सरपंचांकडे. मलाही नेलं, मोठा आवाज सोबत असावा म्हणून.

आमच्या सरपंच कमलताई. बाई अशी, की तिने नुसतं बघितलं तर ग्रामसेवकाच्या पेनातली शाई पातळ होते. तिने पोरांचं सगळं ऐकून घेतलं.

‘‘गणपतीत काय झालं होतं?’’ तिने विचारलं.

गणपतीत चारही पथकांचा कार्यक्रम एकाच दिवशी होता. आधी कोण, यावरून ढोलकी आणि डान्स जुंपले, मधल्यामध्ये कार्यक्रम मोडला आणि लोक आरती न घेता घरी गेले.

‘‘आता ऐका,’’ कमलताई म्हणाल्या, ‘‘गोडाऊन चौघांचं मागता ना? तं मंग चौघं मिळून एक कार्यक्रम करून दाखवा. चार नाई. एक. बाजाराच्या मैदानात, साऱ्या गावासमोर. दिवे लागायच्या आत संपला पाहिजे, पोरी हायेत. आन् सुरू झाला की शेवटलोग चालला पाहिजे. मधात बंद पडला, तं चावी खतवाल्याले. मंग माह्याकडे रडत यायचं नाई.’’

‘‘हाव ताई,’’ वैष्णवी म्हणाली. बाकीचे तिघे नुसते माना हलवत होते.

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानामागचं अंगण म्हणजे रंगभूमी झाली. विषय काय घ्यायचा यावर पोरं आठवडाभर भांडली. शेवटी शमीम चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘इतना हल्लागुल्ला तो बाजार में भी नहीं होता.’’ वैष्णवीने चुटकी वाजवली. विषय ठरला. आठवडी बाजाराचा एक दिवस. सकाळी बाया बाजाराला निघतात ती लेझीम. भाजीवालीचं भारूड. कांदेवाला आणि लसूणवाला यांची कव्वाली, एकमेकांवर चढणारी. आणि दुपारची एसटी बाजारात शिरते, माणसं कोंबून, ती एसटी म्हणजे विक्कीचा डान्स ग्रुप; विक्की स्वतः चाक. मागचा पडदा चौघांनी मिळून रंगवला. त्यातला बैल कोणी काढला ते अजून कळलं नाही, पण तो हुबेहूब ग्रामसेवकासारखा दिसायचा.

भांडणं मात्र थांबली नव्हती. फक्त विषय बदलला. आता प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याचा आवाज मोठा येतो.

‘‘चाचा, ढोलकीत आमचे शब्द बुडून राह्यले.’’

‘‘चाचा, हे कव्वाल माईक खाऊन राह्यले बे, मले काऊन छोटा माईक?’’

मी या धंद्यात उगाच केस पांढरे केलेले नाहीत. मी चार डबे केले. प्रत्येकावर एक काळी गुंडी आणि एक लाल दिवा. चौघांना बाजूला घेऊन एकेकाच्या कानात सांगितलं, ‘‘बाकीच्यांना बोलू नको. हा तुझ्या आवाजाचा डबा. कमी वाटला की गुंडी थोडी फिरव.’’ डब्यात एक सेल होता आणि दिवा. तार कुठेच जोडलेली नव्हती. त्या दिवसापासून चौघंही खूश. अझहर तर म्हणाला, ‘‘चाचा, क्या फरक पडा है! जन्नत!’’ एवढंच नाही, आपण गुपचूप आवाज वाढवला म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याशी जरा नरमाईने वागायला लागला. ज्या दिवशी मला त्या चार पोरांची मैत्री झालेली दिसली, त्या दिवशी मी शमीमला म्हटलं, ‘‘हा डबा दिल्लीत खपेल.’’

आता नीट ऐका, कारण पेच इथे आहे. अंगणातल्या सरावाला माईक असायचे, पण एका छोट्या स्पीकरवर; भोंगे नसायचे. शंकर-रफिक तेव्हा लग्नसराईत बाहेरगावी. ज्ञानाच्या ढोलकीत एक जागा येते. वादन दबकत, दबकत चालतं आणि मग एकदम उसळी मारतं, पाय आपोआप उचलले जातात. त्या उसळीला ढोलकीवाले काय म्हणतात ते मी अंगणात बसून शंभरदा ऐकलं असेल. कान दिले नाहीत. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी आला की ओळखू येत नाही, हे मी तेव्हा शिकायचं होतं.

ढोलकीवाले त्याला ‘उठाव’ म्हणतात.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान इतकं भरलं की झाडावरच्या चिमण्यांना जागा सोडावी लागली. कमलताई पहिल्या रांगेत मधोमध. शेजारी खतविक्या, पांढऱ्या कपड्यात, गोडाऊनच्या भिंती मनात मोजत असल्यासारखा. मी मिक्सरवर बसलो. मिक्सर म्हणजे सगळ्या माईकांच्या गुंड्या जिथे एकत्र येतात ती पेटी. खऱ्या तारांची.

आणि सुरू झालं. काय सांगू! लेझीम आली तशी मैदानाच्या टोकाच्या म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. घरी बसलेल्या तिन्ही मुली प्रेक्षकांत होत्या, आयांच्या शेजारी. त्यांचे पाय बसल्या जागी चालत होते, मी मिक्सरवरून पाहिलं. भाजीवालीच्या भारुडावर लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. कव्वालीत अझहर कांद्याच्या बाजूने डोळे पुसत गायला, ‘‘मेरे बिना किस घर की औरत रोती है सच्चे दिल से!’’ तर लसूणवाल्याने उत्तर दिलं, ‘‘फोडणीत मी पडलो नाही, तर शेजारी कसा येईल वासाने!’’ टाळ्या थांबेनात. मग एसटी आली. विक्की सतरंजीच्या मधोमध डोक्यावर उभा राहून चाकासारखा फिरायला लागला. मागून ज्ञानाची ढोलकी दबकत, दबकत, आणखी दबकत... सगळं मैदान श्वास रोखून. आणि ज्ञानाने आपल्या साथीदारांना इशारा दिला. अंगणात दिला होता तसाच. फक्त या वेळी माईकच्या पलीकडे चार भोंगे होते, आणि शंकर-रफिक गावात होते.

‘‘उठाऽऽऽव!’’

मांडवामागे बिडी पीत बसलेला शंकर उठला. रफिक उठला. दोघांनी आकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

रफिकने वीज तोडली. भोंगे मेले. कनाती सरसर खाली आल्या. शंकरने सतरंजीचं टोक धरून गुंडाळायला सुरुवात केली, आणि विक्की डोक्यावर फिरत होता तो फिरत फिरतच सतरंजीत गेला. शेवटी नुसते दोन बूट बाहेर दिसत होते. रोजंदारीची पोरं खुर्च्या गोळा करत पुढे आली. लोक गोंधळून उभे राहिले, आणि उभा राहिला त्याची खुर्ची गेली.

मी माईक ओढला. ‘‘थांबा! अरे थांबा बे!’’ माईकला वीजच नव्हती. मग मी तसाच ओरडलो. वाचकहो, सगळी उमर माईकवर बोललेला माणूस मी. माझ्या गळ्यातून जो आवाज निघाला तो दाराची कडी सरकवल्यावर येतो तेवढा होता. शेजारच्या शेळीने तेवढी मान वळवली.

शंकर कमलताईंपाशी पोचला होता. अदबीने म्हणाला, ‘‘ताई, उठता का जरा?’’

कमलताई उठल्या. खुर्ची गेली. त्यांनी पोरांकडे पाहिलं.

‘‘काय झालं? बंद पडलं?’’

‘‘मोडलं, मोडलं!’’ खतविक्या खुशीत म्हणाला. ‘‘मी म्हणत नव्हतो ताई? या पोट्ट्यायचं...’’

मी वैष्णवीकडे पाहिलं. तिच्या हातात लेझीम होती आणि चेहरा पांढराफटक. तिच्या मागे मुली एकमेकींना चिकटून उभ्या. अझहरने डोक्याला हात लावला होता. ज्ञानाचे हात ढोलकीवर तसेच, हवेत. एका शब्दाने, माझ्याच शब्दाने, त्या पोरीचं पथक, ते गोडाऊन, सगळं जीपमध्ये भरायला निघालं होतं.

वैष्णवीने एकदा शंकरकडे पाहिलं. खांद्यावर सतरंजी, सतरंजीत विक्की. एकदा खुर्च्या नेणाऱ्या पोरांकडे पाहिलं. आणि मग ती पुढे आली. बिनमाईकची. म्हणालो ना, आवाज भोंग्याचा.

‘‘बंद काऊन पडलं ताई? बाजार हाय हा! सकाळी भरला, संध्याकाळी उठला! बाजार उठतो तेव्हा काय करतेत?’’ आणि तिने लेझीम डोक्यावर नेऊन एकदा झणकन् वाजवली. ‘‘पालं काढतेत! माल भरतेत! चला वं पोरीहो, बाजार उठला!’’

तुम्हाला सांगतो, मला तो शब्द वर्षानुवर्षं पाठ होता आणि त्याचा हा तिसरा अर्थ माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. बाजार उठतो!

ज्ञाना त्या क्षणी समजला. त्याचा हवेतला हात खाली आला आणि जो उठाव माईकवरून मिळायचा होता तो नुसत्या कातड्यावरून मिळाला. सतरंजी गेलेली होती, खाली मोकळी माती. सतरंजीवर मुलींचे पाय कधी ऐकू आले नव्हते. आता मातीवर पावलं पडली आणि जमीन ढोलकीला साथ द्यायला लागली. अझहरने टाळी धरली, त्याच्या पोरांनी उचलली, आणि त्याने जागच्या जागी ओळ बांधली, ‘‘बाजार उठला रे भाऊ, भरली का झोळी?’’ त्यावर भारुडातली भाजीवाली ओरडली, ‘‘झोळी भरली, पण एसटी गेली ना माय!’’ सतरंजीतून विक्कीचा आवाज आला, ‘‘एसटी इथंच हाय! काढा बे मले!’’ लोकांना वाटलं हे बसवलेलंच आहे. काय हशा पडला!

मग शंकरने विक्कीला उलगडलं, आणि मुलींनी रोजंदारीच्या पोरांच्या हातातल्या खुर्च्या तालावर घ्यायला सुरुवात केली, एकीकडून दुसरीकडे. घरी बसलेल्या तिघींपैकी एक उठली, मग दुसरी. तिसरीला तिच्या आईनेच ढकललं. पाहता पाहता सगळं गाव रांगेत उभं राहिलं आणि खुर्ची हातोहात, टाळीवर टाळी, जीपकडे चालली. कमलताईंनी पदर खोचला आणि रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारी खतविक्या होता. मागून खुर्ची आल्यावर करणार काय? घ्यावी लागली, पुढे द्यावी लागली. थोड्या वेळाने तोही तालात होता. शंकर आणि रफिक कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकांनी त्यांचं सामान भरलं.

शेवटची खुर्ची जीपमध्ये पडली, ज्ञानाने शेवटची थाप मारली आणि मैदान रिकामं झालं. खरोखरचा बाजार उठल्यासारखं. माती, धूळ आणि माणसं. सूर्य अजून डोंगरावर होता.

टाळ्या झाल्या त्या मी लिहीत नाही. लिहिल्या तर तुम्ही म्हणाल, बशीर फेकतो.

कमलताई वैष्णवीपाशी गेल्या. पोरगी धापा टाकत होती.

‘‘हे शेवटचं तुम्ही बसवलं होतं?’’

वैष्णवीने माझ्याकडे पाहिलं. मी जीपकडे पाहिलं.

‘‘नाई ताई,’’ ती म्हणाली. ‘‘चुकून झालं.’’

‘‘मले वाटलंच. बशीरभाऊचं तोंड पाहून समजलं मले. या माणसाचा आवाज गेला म्हणजे काहीतरी खरंच बिघडलं.’’ त्यांनी कमरेची चावी काढली. ‘‘पण मी काय म्हणली होती? मधात बंद पडलं तं. बंद तं पडलं नाई.’’

चावी वैष्णवीच्या हातात पडली. ती रडली नाही, लेझीम काखेत धरून नुसती चावीकडे पाहत राहिली. मग चारही पथकांची पोरं तिच्यावर अशी तुटून पडली, की मला क्षणभर वाटलं गणपतीतलं भांडण परत सुरू झालं.

मी घरी निघालो तेव्हा ती मागून आली. ‘‘चाचा, तुमचा डबा घ्या.’’

‘‘ठेव की. आवाजाचा आहे तुझ्या.’’

‘‘मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. उघडून पाहिला मी.’’

‘‘मंग बोलली काऊन नाही?’’

‘‘बाकीच्यांचे डबे चांगले चालत होते ना चाचा. कायले बोलू?’’

या पोरीने मला, बशीर बिछायतवाल्याला, महिनाभर फसवलं होतं. मी तिला तिथेच मनोमन उस्ताद मानलं.

गोडाऊनमधले उंदीर पोरांनी कव्वाली गाऊन घालवले, असं अझहर सांगतो. तेवढी थाप मलाही जमली नसती. घरी बसलेल्या मुली परत आल्या. पहिल्याच दिवशी मात्र तिथे मोठी सभा झाली. विषय एकच. ‘उठाव’ कोणाचा? ज्ञाना म्हणाला, ढोलकीतला शब्द आज्याच्या आज्यापासूनचा, मी सोडणार नाही. शंकर म्हणाला, मले दुसरं काही ऐकूच येत नाही तं मी काय करू? दोघंही हटेनात. शेवटी वैष्णवीने निवाडा दिला.

‘‘उठाव ढोलकीचा. आवराआवरीसाठी नवा शब्द घ्या. असा शब्द, जो शंकरकाकाले झोपेतबी ऐकू येईल.’’

‘‘असा कोणता हाय?’’

‘‘मालकाचं नाव,’’ ती म्हणाली.

तेव्हापासून गोडाऊनमध्ये सराव संपला की कोणीतरी ओरडतं, ‘‘बशीरचाचा!’’ आणि सगळे आवरायला लागतात. लेझिमी पोत्यात, ढोलकी खोळीत, दिवे बंद. शंकर-रफिकलाही तीच सवय लागली. लग्नात कोणी पाहुण्याने प्रेमाने मला हाक मारली तर आधी त्याची खुर्ची जाते. माणूस मेल्यावर रस्त्याला त्याचं नाव देतात. माझ्या नावाचा जिवंतपणी शब्द झाला, आणि त्याचा अर्थ, ‘संपलं, घरी चला.’ शमीम म्हणते, ‘‘इतने साल से मैं यही बोल रही थी.’’

यात एकच घोटाळा झाला. मी आता दुकान रफिकवर सोपवलं आहे. संध्याकाळी पाय गोडाऊनकडे वळतात. असा सराव ऐकायला पहिल्यांदा गेलो तेव्हा तो ऐन रंगात होता. दारात एका नव्या, चिमुरड्या पोरीने मला पाहिलं आणि आनंदाने ओरडली, ‘‘बशीरचाचा!’’

डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळं आवरलं गेलं. दिवे बंद झाले आणि मी अंधारात एकटा उभा राहिलो. बाहेर पोरं एकमेकांना विचारत होती, ‘‘आज लवकर काऊन संपलं?’’

तेव्हापासून मी दोन तालुक्यांना आवाज पुरवणारा माणूस चपला हातात घेऊन आत शिरतो. खोकला आला तर गिळतो. मागच्या भिंतीला टेकून बसतो, जिथे पूर्वी खताची पोती लागणार होती. माईक नाही, भोंगा नाही. सगळं ऐकू येतं. पोरींची पावलं, अझहरच्या गळ्यातली खरखर, विक्कीच्या आईचं ‘‘हळू फिर रे.’’ इतकी वर्षं मी लोकांना ऐकवत होतो, ऐकायला बसलो तो आता.

वैष्णवी कॉलेजातून सुट्टीला आली की मला हटकून पाहते. नाव घेत नाही. ओठांवर बोट ठेवते, हसते, आणि ज्ञानाकडे वळून म्हणते,

‘‘हं. उठाव!’’